घोडा सोडवला, आता ठेवायचा कुठे?

लग्नसराई सरत आली की एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत येऊ लागते. आपल्या भंडारा जिल्ह्यात साकोलीकडचं कुणी विचारतं, "वरातीची घोडी लंगडतेय, मालक म्हणतो घेऊन जा. कुठं नेऊ?" तुमसरकडून येतं, "कुणीतरी सोडून दिलेला घोडा गावानं बांधून ठेवलाय. गोशाळेत चालेल का?" पवनीहून, "पोलिसांनी ताब्यात घेतलाय म्हणे. मग आता तो कोणाचा?" या तिन्ही प्रश्नांना एकच समजून धावाधाव केली जाते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. तिन्हींची वाट वेगळी आहे.

घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो. कामातून बाद ठरलेली घोडी अनेकदा दहा-बारा वर्षांचीच असते. म्हणजे तुम्ही तिची सोडवणूक करता त्या दिवशी तिचं निम्मं आयुष्य पुढे उरलेलं असतं. जागा मिळाली की काम झालं असं मानू नका. चारा कोण घालणार, खूर कोण छाटणार, संस्था उद्या बंद पडली तर घोडा कुठे जाणार, हे आजच विचारायचं आहे.

आधी हे ठरवा: घोडा कायद्यानं आत्ता कोणाचा?

*मालक स्वतःहून देत असेल तर* काम सोपं आहे, पण तोंडी नको. मुद्रांक कागदावर हक्कसोड लिहून घ्या. त्यात घोड्याचा रंग, अंदाजे वय, नर की मादी, कपाळावरचा टिळा, पायांवरचे पांढरे पट्टे, जुने व्रण असं सगळं येऊ द्या. चारही बाजूंनी फोटो काढून कागदाला जोडा. दोन साक्षीदार घ्या आणि त्यातला एक शक्यतो पोलीस पाटील किंवा सरपंच असू द्या.

*घोडा बेवारस असेल तर* तो परस्पर हलवू नका. धानाच्या बांधीत शिरलेला घोडा कोंडवाड्यात जातो, कारण कोंडवाड्याचा जुना कायदा, म्हणजे १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा, 'गुरां'मध्ये घोडे, शिंगरं आणि गाढवंही धरतो. ठरलेल्या मुदतीत मालक आला नाही तर जाहीर लिलाव होतो. इथं सावध राहा. लिलावात बोली लावणारा बहुतेक वेळा पुन्हा कामाला जुंपणाराच असतो. त्यामुळे ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पहिल्याच दिवशी लेखी कळवा की घोडा आजारी किंवा जखमी आहे, त्याला उपचाराची गरज आहे आणि अमुक संस्था तो सांभाळायला तयार आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिला नाही असंच धरलं जातं.

*पोलिसांनी जप्त केलेला असेल तर* तो खटल्यातला मुद्देमाल आहे. तो तुमचा नाही आणि ज्या संस्थेत ठेवलाय तिचाही नाही. निकाल लागेपर्यंत संस्था फक्त सांभाळ करते. हे न समजल्यामुळे काही उत्साही मंडळी असा घोडा तिसरीकडे 'दत्तक' देऊन मोकळी होतात, आणि कोर्टानं हजर करा म्हटलं की घाम फुटतो.

आणि एक चौथा प्रकार, ज्यापासून मी हात जोडून परावृत्त करतो: घोडा पैसे देऊन 'सोडवणं'. तुमची घोडी सुटते हे खरं. पण त्याच पैशांत पुढच्या यात्रेतून दुसरी येते, बहुधा आणखी कोवळी. मालक खरोखर अडचणीत असेल तर घोड्याची किंमत देऊ नका. त्याच्या उपचाराचा, चाऱ्याचा किंवा मुलाच्या फीचा खर्च उचला आणि घोडा हक्कसोडीनं घ्या.

पोलीस ठाण्यात गेल्यावर

"हा अदखलपात्र गुन्हा आहे," हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. ते अगदीच चुकीचं नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं कलम ११ मारहाण, जखमी जनावराला जुंपणं, उपाशी ठेवणं, भुकेनं हाल होतील अशा ठिकाणी सोडून देणं या सगळ्याला गुन्हा म्हणतं. पण यातले बहुतेक प्रकार अदखलपात्र आहेत, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. १९६० चे पन्नास रुपये २०२० नंतरही पन्नासच राहिले, यावर अधिक काय बोलायचं!

तरीही पुढची कलमं माहीत असतील तर बोलणं पुढं सरकतं:

- त्याच कायद्याचं कलम ३४: कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी नेऊ शकतो.
- कलम ३५: दंडाधिकारी जनावराला उपचारासाठी पांजरापोळात किंवा इस्पितळात ठेवायचा आदेश देऊ शकतात.
- भारतीय न्याय संहिता, कलम ३२५: जनावराला ठार करणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला हे कलम लागतं. घोड्याचा पाय मोडेपर्यंत मारलं असेल तर आग्रह याच कलमाचा धरा.
- महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ११९: जनावरांना क्रूर वागणूक.
- ओझ्याच्या आणि जुंपणीच्या जनावरांचे १९६५ चे नियम: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ या वेळेत मुळीच नको. काटेरी लगामावरही याच नियमांत बंदी आहे. भंडाऱ्याच्या मे महिन्यात ३७ म्हणजे सकाळचं तापमान झालं, तेव्हा दुपारच्या वरातीचं काय करायचं ते तुम्हीच समजा.

काटेरी लगामाचा पुरावा कसा दिसतो? घोडीच्या ओठांचे दोन्ही कोपरे हळूच बाजूला करून पाहा. ताज्या जखमा लाल असतात, जुन्या जागी कातडी पांढुरकी, जाड आणि घट्ट झालेली असते. लगाम उतरवून हातात घ्या. आतल्या कडीवर दाते असतील तर मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. लगाम पंचनाम्यात जप्त करायला लावा. ओठांचा फोटो आणि लगाम हे दोन्ही एकत्र असले की बचाव लंगडा पडतो.

जप्तीनंतर २०१७ चे मुद्देमाल प्राण्यांचे नियम लागू होतात. जनावराची वैद्यकीय तपासणी आणि ओळखखूण करावी लागते (डाग देऊन नव्हे, डागण्याला बंदी आहे). खटला चालेपर्यंत ते पांजरापोळ, प्राणी कल्याण संस्था किंवा गोशाळेत ठेवता येतं, आणि वाहतूक, उपचार, चारा यांचा खर्च मालकाकडून घेण्याची तरतूद आहे. मालक मात्र गप्प बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली सुपूर्दनाम्यावर घोडा परत मागतो. 'पांजरापोळ देवदर' खटल्यात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ताबा कोणाला द्यायचा हे ठरवताना आरोप किती गंभीर आहे, मालकाचा हा पहिलाच गुन्हा आहे का, आणि संस्था व्यवस्थित चालते का, हे दंडाधिकाऱ्यांनी पाहावं. म्हणून संस्थेचे कागद, जागेचे फोटो आणि पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र पहिल्याच तारखेला वकिलाच्या हातात हवं. दुसऱ्या तारखेपर्यंत घोडा कदाचित परत वरातीत असेल.

जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ठाण्यात दाद लागली नाही तर तिकडे अर्ज करा. प्रत जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला द्या.

पहिला महिना घोडा कुठेही ठेवा, पण वेगळा ठेवा

आणल्या दिवशीच इतर जनावरांत सोडू नका. स्वतंत्र बादली, स्वतंत्र खरारा, आणि शक्य तर सांभाळणारा माणूसही वेगळा ठेवा. यामागचं मोठं कारण ग्लँडर्स. नाकातून घट्ट, चिकट स्राव, नाकात व्रण, पायांच्या आतल्या बाजूला किंवा अंगावर ओळीनं उठलेल्या आणि फुटणाऱ्या गाठी ही लक्षणं दिसली तर उघड्या हातानं शिवू नका, कारण हा रोग माणसाला होतो आणि जिवावर बेततो. २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली तो अधिसूचित रोग आहे. सांभाळणाऱ्याला, संस्थेला आणि ग्रामपंचायतीलाही तो कळवणं बंधनकारक आहे. रक्तजलाचा नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासला जातो. अहवाल येईपर्यंत घोडा हलवायचा नाही. अहवाल बाधित आला तर घोड्याला दयामरण द्यावंच लागतं, त्यात पळवाट शोधू नका.

सर्रा हा दुसरा रोग. आपला जिल्हा तलावांचा. बोड्या, मामा तलाव, साचलेल्या बांध्या यांच्या भोवती रक्त पिणाऱ्या गोमाश्या भरपूर, आणि सर्रा पसरतो तो त्यांच्यामार्फत. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज दिसते, खाऊनपिऊन घोडा खंगत जातो. रक्ताची तपासणी करून घ्या, वेळेत औषध मिळालं तर तो बरा होतो. धनुर्वाताची लस मात्र जखम असो वा नसो, पहिल्याच दिवशी.

आता खाणं. लोक प्रेमापोटी जी चूक करतात ती इथंच. बरगड्या मोजता येतील असा घोडा दारात आला की कुणी भिजवलेले हरभरे आणतं, कुणी गूळ, कुणी पोळ्या. कृपा करून हात आवरा. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम दाणा आणि गोड गेलं की रक्तातल्या क्षारांचा तोल जातो, आणि घोडा पहिल्या आठवड्यातच, पोटभर खाऊन दगावतो. पहिले दहा दिवस तरी दाणा बंद. चांगलं वाळलेलं गवत आणि मिळाली तर लसूणघास, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. पाणी सतत समोर. दाणा नंतर, पशुवैद्यकाला विचारून, ओंजळी-ओंजळीनं वाढवत न्या.

भंडाऱ्यात चाऱ्याचे तीन खास धोके आहेत:

1. धानाची तणीस. स्वस्त, मुबलक आणि घोड्याच्या दृष्टीनं निकृष्ट. गाईला चार कप्प्यांचं पोट आहे, घोड्याला नाही. नुसत्या तणशीवर ठेवलेल्या घोड्याच्या आतड्यात ती दाबून बसते आणि पोटशूळ उठतो. बुरशी धरलेली तणीस तर उकिरड्यावरच टाका, तिच्या धुळीनं घोड्याला दम लागतो. युरिया प्रक्रिया केलेली तणीस गाईगुरांसाठी आहे, घोड्यासाठी नाही.
2. लाखोळी. धान निघायच्या आधी बांधीत फेकून घेतलेलं हे पीक आपल्याकडे सर्रास दिसतं. डाळ असो, कुटार असो की हिरवा पाला, घोड्याला देऊ नका. घोडा लाखोळीच्या विषाला फार लवकर बळी पडतो. मागचे पाय लुळे पडतात, घशाचे स्नायू निकामी होऊन श्वासाला घर्घर लागते. गोशाळेला कुणी लाखोळीचं कुटार दान दिलं तर ते गव्हाणीत कोणत्या जनावरापुढं पडतंय, हे बघायला माणूस हवा.
3. तयार पशुखाद्य. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरांना ते मानवतं, घोड्याचं हृदय मात्र त्यानं बंद पडतं. पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय मूठभरही देऊ नका.

जखमा, ताप, लंगडणं यासाठी १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवा मागता येते. हाड, डोळा किंवा शस्त्रक्रियेचं प्रकरण असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ, महामार्गानं साठेक किलोमीटर.

गोशाळा, आश्रम की मालकाचंच अंगण?

आपल्या भागात आसरा म्हटलं की गोशाळाच आठवते. गोशाळा वाईट नाही. पण तिचं सगळं गणित गाईवर बसवलेलं असतं. राज्य सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. घोड्याला त्यातला रुपयाही नाही. व्यवस्थापक भिडेखातर 'ठेवा' म्हणतात आणि सहा महिन्यांत घोडा गव्हाणीच्या शेवटच्या टोकाला, शिंगांच्या धाकात, उरलंसुरलं खात उभा दिसतो. त्यात त्यांचा दोष म्हणावा तर खर्चाची बोलणी आपणच केलेली नसतात.

खर्च काढायची सोपी रीत सांगतो. तीनशे किलोच्या देशी घोड्याला दिवसाला सहा किलो तरी सुका चारा लागतो, म्हणजे वर्षाला सुमारे बावीस क्विंटल. तुमच्या तालुक्यातल्या कडब्याच्या किंवा गवताच्या भावानं गुणा. त्यात दाणा, मीठ, जंतनाशक, लसी, वर्षातून एकदा दातांची तपासणी आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटणी धरा. कामातून निवृत्त झालेल्या बहुतेक घोड्यांना नालेची गरज नसते, छाटणीची असते. ती बैलांना नाल ठोकणाऱ्याकडून करून घेऊ नका, दोघांच्या खुराची घडणच वेगळी. येणारा आकडा संस्थेसमोर ठेवा आणि यातला किती भाग तुम्ही, किती वर्षं देणार ते बोला.

जिल्ह्याबाहेर पाहायचं तर वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथं पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचा करुणाश्रम आहे. सांगली-सोलापूर भागात अ‍ॅनिमल राहत ही संस्था २००३ पासून कष्टकरी बैल, घोडे आणि गाढवांसाठी काम करते. आधी फोन, मग भेट, मग घोडा, हा क्रम मोडू नका. जागा भरलेली असेल तर चांगली संस्था 'नाही' म्हणते, आणि त्या 'नाही'चा राग धरू नका. कधीही, कितीही जनावरं घेणाऱ्या संस्थेबद्दलच मला शंका येते.

मालक कनवाळू पण हतबल असेल तर घोडा त्याच्याच अंगणात निवृत्त करणं हा सर्वांत दुर्लक्षित आणि पुष्कळदा सर्वांत चांगला पर्याय. घोडा माणूस ओळखतो, जागा ओळखतो. तुम्ही चारा आणि औषध द्या, त्यानं जुंपायचं नाही एवढा लेखी करार करा.

मोठ्या प्रमाणावर हाच पेच मुंबईत आला होता. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा गाड्या थांबवण्याबरोबरच घोड्यांचं आणि गाडीवानांचं पुनर्वसन हाही प्रश्न सरकारपुढं आला. एका घोड्याच्या बाबतीत तो तुमच्यापुढं येतो.

संस्था पाहायला गेलात की भिंतीवरच्या पाट्यांकडे नंतर बघा, आधी हे तपासा:

- तिथल्या जुन्या घोड्यांचे खूर. पुढं वाढून चपलेसारखे वळलेले असतील तर परत फिरा.
- पावसाळ्यात उभं राहायला कोरडी, उंच जागा आणि उन्हाळ्यात सावली.
- सोबतीला दुसरा घोडा, निदान गाढव. घोडा कळपाचा प्राणी आहे, एकटा ठेवला की झुरतो.
- नर घोडे खच्ची केलेले आहेत का. नसतील तर दोन वर्षांत शिंगरं दिसतील आणि ती कुठं जातात ते विचारायची वेळ येईल.
- धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेखापरीक्षण, आणि शक्य तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता.
- मागच्या वर्षी किती जनावरं आली, किती मेली. नोंदवही मागा.

करारात या ओळी असू द्या

घोडा विकायचा, भाड्यानं द्यायचा, जुंपायचा किंवा वरातीला न्यायचा नाही. त्याची पैदास करायची नाही. तुम्हाला न कळवता दुसऱ्या संस्थेकडे पाठवायचा नाही, आणि संस्था बंद झाली तर पहिला ताबा तुमचा. तुम्ही कधीही पाहायला येऊ शकता. मोठा आजार, शस्त्रक्रिया किंवा मृत्यू चोवीस तासांत कळवायचा. तुम्ही काय देणार तेही लिहा, कारण एकतर्फी करार फार दिवस टिकत नाही. जप्तीतला घोडा असेल तर न्यायालयाचा आदेश क्रमांक आणि 'अंतिम निकालाच्या अधीन' हे शब्द विसरू नका.

नेताना

१९७८ चे प्राणी वाहतूक नियम घोड्यांच्या बाबतीत बरेच तपशीलवार आहेत. एका ट्रकमध्ये चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत. तळाला पाय न घसरेल असं काही अंथरलेलं हवं. दोन घोड्यांच्या मध्ये किमान आठ सेंटीमीटर जाडीचा बांबू, तोंडं डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर, सोबत एक माणूस, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. प्रवासाला योग्य असल्याचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र सोबत लागतं.

या वेगानं वर्धा गाठायला चारेक तास लागतील. सांगली आठशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे थांबे न धरताही जवळपास चोवीस तास. अशक्त घोड्याला लांबचं उत्तम घर आणि जवळचं बरं घर यांत निवडायचं असेल तर मी आधी जवळचं निवडेन. अंगावर मांस चढल्यावर पुढचं पाहता येतं. २०२५ च्या ऐन उन्हाळ्यात हैदराबादहून जबलपूरला रस्त्यानं आणलेल्या ५७ घोड्यांपैकी कित्येक पोचल्यावर दगावले, ते प्रकरण वाचलं असेलच. उन्हाळ्यात निघायचं तर पहाटे तीनला निघा, दोन-तीन तासांनी थांबून पाणी पाजा आणि चढवायला उतरती फळी वापरा. घोडा दोरानं ओढून उचलायचा नाही.

जो बरा होणारच नाही

मोडलेला पाय, न भरणाऱ्या जखमा, उठताच न येणं, असा घोडा आश्रमात नेण्यानं त्याचे हाल फक्त लांबतात. १९६० च्या कायद्याचं कलम १३ इथं लागतं. मालक सापडत नसेल किंवा संमती देत नसेल, आणि जनावर जिवंत ठेवणं क्रूरपणाचं ठरेल असं पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं लिहून दिलं, तर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं त्याला दयामरण देऊ शकतात. निर्णय पशुवैद्यकाचा, तुमचा किंवा गावातल्या मतमतांतराचा नाही. पुरायचं ते विहीर, बोडी आणि नाल्यापासून दूर, खोल खड्ड्यात, चुना टाकून.

घर दिल्यानंतर

पहिले तीन महिने दर पंधरवड्याला घोड्याचा चालतानाचा व्हिडिओ मागवा. उभ्या घोड्याच्या फोटोत लंगडणं दिसत नाही. बरगड्या, कण्याचा उंचवटा आणि मांड्या त्याच कोनातून, तेवढ्याच अंतरावरून टिपलेल्या असू द्या म्हणजे फरक कळतो. दिलेला शब्द पाळून तुमचे पैसे महिन्याच्या महिन्याला जाऊ द्या, संस्थेचा फोन यायची वाट पाहू नका. आणि पहिली भेट न कळवता, श्रावणातल्या झडीत द्या. चिखलात उभा असेल तर खुराच्या तळव्याला काडीनं टोचून पाहा. काळपट, मऊ, घाण वासाचा भाग निघाला तर कुज सुरू झाली आहे, आणि त्याच दिवशी कोरड्या जागेची आणि खूर साफ करणाऱ्या माणसाची सोय लावूनच परता.